जनरेटर बंद होता ते चार दिवस

माझ्या मावशीने आयुष्यात एकदाच नवऱ्याला फसवलं, आणि तेही चार दिवसांपुरतं. ही हकिगत तिने मला स्वतः सांगितली, शेंगा सोलता सोलता. सांगताना ती हसत नव्हती, म्हणून मीही हसले नाही.

मावशी मोटर वाइंडिंगचं काम करायची. जळालेली मोटर उघडायची, काळी पडलेली तार ओढून काढायची आणि तांब्याच्या नव्या तारेचे वेढे मोजून भरायचे. सतरा वर्षं एकाच दुकानात, एकाच स्टुलावर. गिऱ्हाइकाने कुरकुर केली की दुकानदार म्हणायचा, "बाईंनी भरलेली मोटर आहे. परत आणलीत तर माझं नाव बदला." तिच्या बोटांना तांब्याचा वास यायचा. लहानपणी मला तो मावशीचाच वास वाटे.

ते स्टूल सोडलं तर मावशीला एका जागी बसणं कधी मिळालंच नव्हतं. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, कालवा खोदण्याच्या कामावर होते. कालवा पुढे सरकला की पत्र्याचं घर उचकटायचं आणि पुढे न्यायचं. सात शाळा झाल्या. लग्नानंतर भाड्याची पाच घरं झाली, कुठे मालक तिरसट तर कुठे पाणी नाही. सरतेशेवटी दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं स्वतःचं घर झालं. तिथे ती बारा वर्षं राहिली. कोणत्या महिन्यात ऊन कितव्या फरशीपर्यंत येतं, हे तिला पाठ होतं.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, बस डेपोत तिकीट खिडकीवर होते. एकतीस वर्षं त्यांनी जाळीमागे बसून दुसऱ्यांना गावोगावी धाडलं आणि स्वतः मात्र खिडकी ते घर, घर ते खिडकी एवढेच फिरले. डेपोतली सगळ्यात लांब पल्ल्याची बस अकरा तास जायची, थेट खाडीच्या तोंडापर्यंत. तिथे रस्ताच संपायचा. त्या शेवटच्या थांब्याचं तिकीट काका जरा सावकाश फाडायचे, असं मावशी म्हणते. मागे रांगेत ओरडा व्हायचा.

निवृत्तीनंतर सहा महिन्यांनी ते एक फोटो घेऊन घरी आले. फोटोत एक लांबलचक जुनी गाडी होती. आत पलंग, शेगडी, बेसिन, छोटा फ्रिज, सगळं होतं. "घरगाडी आहे," काका म्हणाले. "घराचं घर, गाडीची गाडी."

घर विकलं गेलं आणि घरगाडी आली.

"तू 'नको' का म्हणाली नाहीस?" मी मावशीला विचारलं होतं.

"अगं, एकतीस वर्षं माणूस जाळीमागे बसला. मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलंही असतं. म्हणून तर म्हणता येईना."

दोघांनी कामं वाटून घेतली. नकाशे काकांकडे, आणि गाडीची यंत्रं मावशीकडे. गाडीबरोबर आलेलं जाडजूड माहितीपुस्तक तिने पहिल्याच महिन्यात अथपासून इतिपर्यंत वाचून काढलं. काकांना त्यातलं ओ की ठो कळत नसे. ते म्हणायचे, "चालतेय ना? मग झालं."

दीड वर्ष ते असे फिरले. काकांची तब्येत सुधारली, रंग उजळला. रोज सकाळी ते पडदा सर्रकन बाजूला करून म्हणायचे, "बघ, आज काय आहे!" कधी डोंगर असायचा, कधी ट्रकचा तळ. मावशी बघायची आणि छान आहे म्हणायची. पण झोपेतून उठल्यावर दार नेमकं कोणत्या अंगाला आहे, हे तिला क्षणभर कळत नसे. कपबशा वळणावर फुटू नयेत म्हणून मोज्यांत घालून ठेवाव्या लागत. ड्रॉवरला खिट्टी, कपाटाला खिट्टी, डब्याला रबर. भिंत इतकी पातळ की साधा खिळा ठोकायची सोय नाही. तिन्हीसांजेला गाडी एखाद्या वस्तीतून जात असली की ती दिवे लागलेल्या घरांच्या स्वयंपाकघरांत डोकावून बघायची. कोणीतरी ओट्याशी पाठमोरं उभं असायचं. तेवढ्यात गाडी पुढे गेलेली असायची.

त्या वेळी ते खाडीच्याच दिशेने निघाले होते. काकांनी तो थांबा इतके दिवस मुद्दाम राखून ठेवला होता, लहान मुलं पानातला आवडीचा घास शेवटी ठेवतात तसा. त्यांच्या रमतगमत चालीने दीड दिवसाचा रस्ता उरला असताना एका लहानशा गावात ते जेवायला थांबले. जेवण झालं, काकांनी जनरेटरचं बटण दाबलं आणि तो सुरूच होईना. स्टार्टर फिरायचा, खर्र खर्र व्हायचं, पण इंजिन काही उचलत नव्हतं.

जनरेटर चालणं भाग होतं. काकांना साखर होती. त्यांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये असायचं आणि फ्रिज जनरेटरवर चालायचा. बॅटरीवर फार तर अर्धा दिवस निघाला असता. पुढे खाडीपर्यंत वीज घ्यायला कुठे जागा नव्हती, आणि दिवस कडक उन्हाळ्याचे.

रस्त्याच्या कडेलाच एक गॅरेज होतं. तिथले मिस्त्री ट्रॅक्टर आणि पाण्याचे पंप दुरुस्त करायचे. पन्नाशीचे, बोलके, आणि कान इतके तयार की लांबून येणारा ट्रॅक्टर कोणाचा ते आवाजावरून सांगायचे. चाकांवरचं घर मात्र त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. आधी चप्पल काढून आत चक्कर मारून आले, बेसिनचा नळ सोडून पाहिला, आणि मग जनरेटरकडे वळले.

त्यांनी सगळं रीतसर केलं. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी धरली होती ती घासून काढली. ऑइलची पट्टी ओढून पाहिली, ऑइल भरपूर होतं. एअर फिल्टर काढून आपटला, धूळ उडाली. डिझेलचा फिल्टर नवा टाकला. बटण दाबलं की पुन्हा तेच, खर्र खर्र.

"डिझेल आहे ना टाकीत?" त्यांनी विचारलं.

"गाडी आत्ताच चालत आलीय की," काका म्हणाले. "एकच टाकी आहे दोघांना. पुढच्या पंपावर भरणारच होतो."

"मग डिझेल आहेच." मिस्त्रींनी जनरेटरच्या पंपाची नळी सैल केली. थेंबही आला नाही. "हां! सापडलं. पंप गेलाय. शहरातून मागवावा लागेल. तीन-चार दिवस धरा."

मावशी दाराच्या पायरीवर उभी होती. काय झालंय हे तिला कळलं होतं.

त्या गाडीच्या टाकीत दोन नळ्या होत्या. गाडीच्या इंजिनाची नळी पार तळापर्यंत जायची. जनरेटरची मुद्दाम आखूड ठेवलेली होती. टाकी पाव भरलेली राहिली की जनरेटरला डिझेल पोचायचं बंद. बनवणाऱ्यांनी विचार करूनच तसं केलेलं असतं. नाहीतर माणसं पंखा लावून निवांत झोपायची आणि सकाळी गाडी हलवायला डिझेलच उरायचं नाही. पुस्तकात हे एका चौकटीत छापलं होतं. आणि गावात शिरताना काटा पावाच्या खाली गेलेला तिने पाहिला होता. दोन कॅन डिझेल ओतलं, नळीत शिरलेली हवा काढली, की काम झालं असतं. अर्ध्या तासाचं काम.

"काकू," मिस्त्री म्हणाले, "काका सांगतात तुम्ही मोटरीचं काम केलंय. तुम्हाला काय वाटतं?"

मावशी मला म्हणाली, "तोंड उघडलं होतं गं मी. शब्द अगदी ओठांवर होते."

पण तेवढ्यात समोरच्या घरातून मिस्त्रींची बहीण आली होती. थोरली बहीण, शिवणकाम करायची, गळ्यात मोजपट्टी. तिने सगळं ऐकलं होतं. "औषध आमच्या फ्रिजमध्ये ठेवा," ती मावशीला म्हणाली. "आणि वरची खोली रिकामीच आहे. भट्टीसारख्या तापलेल्या या गाडीत कशाला झोपता?"

मावशीने वर पाहिलं. वरच्या मजल्यावर दोन खिडक्या होत्या.

"तुम्ही बघताय ना," ती मिस्त्रींना म्हणाली, "मग मी काय सांगणार?"

खोली काही फार नव्हती. लोखंडी पलंग, भिंतीत कोरलेलं फडताळ, कोपऱ्यात मोरी. पूर्वी तिथे शिवणबाईंच्या सासूबाई राहायच्या. मावशीने कपबशा मोज्यांतून काढल्या आणि फडताळात ओळीने लावल्या. मग नुसती बघत बसली. एकही कप हलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती शिवणबाईंच्या स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून भाजी चिरत होती. नळ सोडला की पाणी येत होतं आणि ते संपेल याची धास्ती नव्हती. बाई तिथेच शेजारी मशीनवर बसून गप्पा मारत होत्या, जोरजोरात, कारण मशीनचा आवाज फार.

"तुमचं मशीन तक्रार करतंय," मावशी म्हणाली. "मोटरीतले कार्बनचे ठोकळे झिजलेत."

"मिस्त्रीला सांगून सहा महिने झाले. सख्खा भाऊ आहे ना, घरचं काम सगळ्यात शेवटी."

मावशीने मोटर खोलली. गॅरेजातून कार्बन आणले, घासून मापाचे केले, बसवले. मशीन गुपचूप चालायला लागलं. बाई दोन मिनिटं शिवत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, आता मला माझंच बोलणं ऐकू यायला लागलं. आवाज कमी करायला हवा."

मग त्या म्हणाल्या, वरच्या खोलीत एक आरसा टांगायचा कधीपासून राहिलाय, भावाला वेळ होत नाही. मावशीने हातोडी घेतली. भिंत जाड, जुन्या विटांची. खिळा तीन ठोक्यांत आत गेला आणि घट्ट बसला. तिने तो हाताने हलवून पाहिला. हलला नाही. आरसा टांगून झाल्यावर ती खाली आली आणि विचारलं, "आणखी काही टांगायचंय का?"

काही टांगायचं नव्हतं. तरी बाईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहून एक जुनी तसबीर शोधून काढली.

काका तीन दिवस गाडीच्या सावलीत खुर्ची टाकून बसून होते. पहिल्या दिवशी मिस्त्रींशी गप्पा झाल्या, दुसऱ्या दिवशी नकाशा उघडला, तिसऱ्या दिवशी नकाशा मांडीवर घडी करूनच ठेवलेला. रस्त्यावरून सकाळी एक बस जायची. धुळीने माखलेली, पाटीवर खाडीच्या थांब्याचं नाव. त्यांच्याच डेपोतली बस. काका उठून उभे राहायचे आणि ती वळणापलीकडे जाईपर्यंत बसायचे नाहीत. मावशी वरच्या खिडकीतून बघायची. मग खिडकीपासून बाजूला व्हायची आणि काहीतरी आवरायला घ्यायची, नसलेला पसारासुद्धा.

"मला सांगावंसं रोज वाटायचं," ती मला म्हणाली. "आणि रोज वाटायचं, आजचा एक दिवस. उद्या सांगू."

चौथ्या दिवशी पंप आला. मिस्त्रींनी तो बसवला, बटण दाबलं. खर्र खर्र. पुन्हा दाबलं. मिस्त्रींचा चेहरा उतरला. आजूबाजूला दोन-तीन शेतकरी ट्रॅक्टर घेऊन थांबले होते, त्यांच्यासमोर हे झालं.

"नळी तुंबली असणार," ते म्हणाले. "टाकी खाली उतरवावी लागेल." आणि जॅक घेऊन ते गाडीखाली शिरलेही. बाहेर फक्त पाय दिसत होते. ते कोणाला न सांगता स्वतःशीच पुटपुटत होते, "वीस वर्षं झाली या कामात. वीस वर्षं."

मावशी रस्ता ओलांडून आली. तेवढ्यात काका तिला बाजूला घेऊन म्हणाले, "ऐक. मी ठरवलंय. हे दुरुस्त झालं की मागे फिरू या."

"मागे? आणि खाडी?"

"नाही जायचं. बघ, ही गाडी आता अशीच दगा देत राहणार. माझं औषध, तुझी धावपळ. तू काही बोलत नाहीस, पण मला दिसतं. इथे चार दिवसांत तू किती बरी दिसायला लागलीस." त्यांनी नकाशा तिच्या हातात दिला. "थांबा काय, थांब्यासारखा थांबा. एक पत्र्याची शेड असेल."

मावशी म्हणते, ते रागावले असते तर ती गप्प राहू शकली असती. ओरडले असते तरीही. पण त्यांनी तो नकाशा असा दिला, जसं तिकीट परत करतात.

ती गाडीपाशी गेली आणि वाकून म्हणाली, "मिस्त्री, बाहेर या. टाकी उतरवू नका. पंप चांगला आहे. जुनाही चांगलाच होता."

मिस्त्री सरपटत बाहेर आले. केसांत माती.

"दोन कॅन डिझेल आणा," मावशी म्हणाली.

डिझेल आलं, ओतलं. मावशीने पदर खोचला, स्वतः जनरेटरसमोर बसली, नळीचा स्क्रू अर्धा आटा सैल केला आणि डिझेल ओढायचं बटण दाबून धरलं. पंप टिक टिक करत डिझेल ओढू लागला. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग सलग धार. तिने स्क्रू आवळला. सुरू करायचं बटण दाबलं. पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा खोकला. तिसऱ्यांदा जनरेटर धडधडत सुरू झाला आणि आत फ्रिज गुणगुणायला लागला.

ट्रॅक्टरवाले वाहवा करायला लागले. मिस्त्री मात्र मावशीकडे बघत होते. तिने त्यांना दोन नळ्यांची गोष्ट सांगितली. ते ऐकत गेले आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू सुटल्या. "म्हणजे माझं चुकलं, पण तसं फार नाही चुकलं," ते म्हणाले.

"तुमचं काहीच चुकलं नाही. मला माहीत होतं. सांगायला हवं होतं मी."

काकांनी हे ऐकलं. ते रुमालाने हात पुसत राहिले. त्यांनी कशालाही हात लावला नव्हता, तरीही.

"कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"चार दिवस मी खुर्चीत बसलो होतो."

"हो."

मग रुमाल खिशात घालून त्यांनी विचारलं, "काय आहे एवढं त्या खोलीत?"

"काही नाही," मावशी म्हणाली. "दोन खिडक्या आहेत. सकाळी उठलं की तिथेच असतात."

काकांनी खुर्ची उचलून गाडीत ठेवली. दुपारी निघाले. शिवणबाई फाटकाशी उभ्या होत्या. मिस्त्रींनी जुनाच पंप परत बसवून नवा खोक्यात घालून परत पाठवायला बाजूला ठेवला होता, आणि गाडी निघायच्या आधी जुन्या पंपाला एकदा फडकं मारायला ते विसरले नाहीत. कपबशा पुन्हा मोज्यांत गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला रस्ता संपला. खरोखरच एक पत्र्याची शेड होती, एक बाक, आणि बस वळवायला मोकळी जागा. पुढे नजर पोचेल तिथवर करडा चिखल पसरलेला. समुद्र कुठेच नव्हता.

काका खाली उतरले. शेडच्या पाटीवरचं नाव त्यांनी मोठ्याने वाचलं, खिडकीवर बसून वाचायचे तसं. बाकावर एक जाळं विणणारी बाई होती. तिला त्यांनी विचारलं, "समुद्र कुठाय हो?"

"ओहोटी आहे," ती म्हणाली. "येईल की. घाई कसली?"

ते दोघं बाकावर बसून राहिले. उन्हं कलली तसा लांबवर एक चकाकता दोरा दिसला. मग तो रुंद झाला, चिखलातल्या वाटांवाटांनी पाणी आत शिरत आलं, आणि बघता बघता बाकाच्या खालच्या दगडांपर्यंत पोचलं. काका रडत होते, असं मावशी म्हणते. काका म्हणतात, डोळ्यांत खारा वारा गेला होता.

परत गाडीकडे जाताना त्यांनी विचारलं, "त्या खोलीचं काही विचारलंस का? देतील का भाड्याने?"

"नाही विचारलं."

"विचार मग."

पुढची पाच वर्षं त्यांनी अशी काढली. उन्हाळ्याचे चार महिने वरच्या खोलीत आणि उरलेले आठ रस्त्यावर. खोलीत असले की काका दिवस मोजायचे, रस्त्यावर असले की मावशी. दोघांपैकी एकाचं मन कायम दुसरीकडे असायचं. म्हणून त्या घरात भांडण व्हायचं नाही, असं मला वाटतं. समोरच्याला काय होतंय, हे प्रत्येकाला आतून ठाऊक होतं.

मग साखरेने काकांची नजर गेली. पुरती नाही, पण गाडी चालवण्याजोगी राहिली नाही. घरगाडी विकली. आता ते बाराही महिने तिथेच असतात. मावशीला हवं होतं ते सगळं मिळालंय. फडताळ आहे, मोरी आहे, भिंतभर खिळे आहेत. शिवणबाईंशी तिचं सख्ख्या बहिणीसारखं जमतं आणि गॅरेजात जळकी मोटर आली की मिस्त्री ती सरळ वर पाठवून देतात.

मागच्या महिन्यात मी गेले होते. काका खिडकीशी बसले होते. मी पायांतल्या वहाणा काढायच्या आत त्यांनी विचारलं, "कुठल्या रस्त्याने आलीस?"

मी सांगितलं. त्यांना प्रत्येक थांबा हवा होता. कुठे चढ लागला, कुठे पाऊस होता, धाब्यावर ट्रक किती होते. मी दोन वाक्यांत उरकायला बघत होते, ते मला सोडेनात. सांगता सांगता नदीवरच्या लोखंडी पुलापाशी आम्ही आलो तेव्हा आतून मावशी ओरडली, "अहो, तिला पाणी तरी पिऊ द्या!"

"पिईल की ती. पूल सांग तू."

मी पूल सांगितला. पाणी केवढं होतं, कठडे नव्याने रंगवलेत, हिरवे. काका डोळे मिटून ऐकत होते. मावशी पाण्याचा तांब्या घेऊन आली, पण माझ्या हातात द्यायचा सोडून तो तसाच धरून दारात उभी राहिली.

"त्या पुलावर धुकं होतं आपल्याला," ती म्हणाली. "तुम्ही चुकीचं वळण घेतलं होतं."

"चुकीचं नव्हतं. लांबचं होतं."

"एकच झालं. पुढे ती पिवळी चौकी, आणि चौकीशेजारी बाई कणसं भाजत होती." ती माझ्या शेजारी येऊन बसली. "आहे का गं ती अजून?"

मला माहीत नव्हतं. माझी बस तिथे थांबली नव्हती.

"थांबत नाही का आता?" मावशी म्हणाली, आणि बराच वेळ तांब्या तिच्या मांडीवरच राहिला.